नऊ नंबरचा शर्ट

क्रांतीसिस्टरांच्या घरात इस्त्रीला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती. नवऱ्यालाही नाही. नारायणराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. निवृत्त झाल्यापासून ते आपले कपडे कोपऱ्यावरच्या परटाकडे टाकत, कारण घरची इस्त्री स्टेशन चौक फुटबॉल क्लबच्या सेवेत असे.

"या घरात आपण दोघं राहतो की तू, मी आणि ते अकरा जण, हे एकदा ठरवून टाक," ते म्हणत.

"चौदा," सिस्टर म्हणत. "राखीव धरून."

मिरजेत स्टेशन चौकाच्या क्लबला कुणी फारसं मोजत नाही. फुटबॉल बघायचा तर कोल्हापूर, असं मिरजकर म्हणतात आणि मोठा सामना असला की सकाळची गाडी पकडतात. सिस्टर कधी गेल्या नाहीत. बरोबरच्या नर्सेसनी आग्रह केला तरी गेल्या नाहीत. "तिकडं बघायला मायंदाळ माणसं हायेत," त्या म्हणत. "आमच्या पोरांस्नी बघायला कोण हाय?"

त्यांचं माहेर कराडजवळचं, उसातलं. वडील लष्करात होते. मुलीचं नाव क्रांती ठेवलं आणि रजेवर येताना पलटणीतल्या फुटबॉलच्या गोष्टी आणल्या. बॉल मात्र कधी आणला नाही. तो सिस्टरनी पहिल्यांदा पाहिला तो मिरजेत, नर्सिंगला आल्यावर. हॉस्टेलच्या मागच्या गच्चीवरून मैदान दिसायचं. लाल मातीचं, उघडं, एका कडेला लिंबाचं झाड. डाळिंबी शर्ट घातलेली पोरं तिथं हरत होती. सिस्टर रोज संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून गच्चीवर जात आणि अंधार पडल्यावर खाली येत. कपडे पुष्कळदा वरच राहत.

शर्टांचं काम त्यांच्याकडे आलं ते पुढं, नोकरी लागल्यावर. एका गोलकीपरला खांदा निखळला म्हणून कॅज्युअल्टीत आणलं होतं. शर्ट कापून काढावा लागला. तो गोलकीपर म्हणजे कोंडीबा. खांदा बसवताना तो ओरडला नाही, शर्टाला कात्री लागली तेव्हा ओरडला. "आवं सिस्टर, अकराच हायेत!" तेव्हा क्लबकडे खरोखरच अकराच शर्ट होते. बदली खेळाडू मैदानात जायचा तो बाहेर आलेल्याचा घामेजलेला शर्ट अंगात चढवून. सिस्टरनी ड्यूटी संपल्यावर तो शर्ट शिवला, धुतला आणि वॉर्डातून सुटताना कोंडीबाच्या हातात दिला. शिवण शोधून सापडत नव्हती.

त्यानंतर सगळेच शर्ट त्यांच्याकडे येऊ लागले. पोरांकडे ठेवले की कुणी लग्नाच्या वरातीत घालायचा, कुणी गावाकडं विसरायचा. सिस्टरनी त्याला हॉस्पिटलची शिस्त लावली. सामना संपला की शर्ट घरी आणून द्यायचा, ज्याचा त्यानं. सामन्याच्या दिवशी त्या जुन्या चादरीत गठ्ठा बांधून मैदानावर नेत, लिंबाखाली बसत. कॅप्टन नंबर पुकारी. सिस्टर त्या नंबरचा शर्ट देत आणि घेणाऱ्याच्या दंडावर दोन बोटं मारत, इंजेक्शन देण्याआधी मारतात तशी. हळूहळू त्याची रीतच होऊन बसली. पुढं प्रायोजक मिळाले, नवे शर्ट आले, कॅप्टन बदलत गेले, सिस्टर निवृत्त झाल्या. पण त्यांच्या हातून न आलेला शर्ट स्टेशनच्या एकाही पोरानं कधी अंगात घातला नाही.

आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही शर्ट खराब झाला नव्हता.

यंदा क्लबला जयराज सापडला. आरगकडचा पोरगा, उंच, हाडकुळा, मान बगळ्यासारखी. त्याचा एक भाऊ पलटणीत होता, एक उसात. जयराजला दोन्हीकडं जायचं नव्हतं. कॉर्नरवरून आलेला बॉल तो असा काही डोक्यानं मारायचा की कोंडीबा, जो आता मैदानावर फक्कीच्या रेषा मारायचं काम करायचा, हातातलं घमेलं खाली ठेवून उभा राहायचा. "सिस्टर, ह्येच्या डोसक्यात काय हाय वं? बॉल येतो तिथंच ह्यो बरोबर कसा जातो?"

"डोसक्यात काय न्हाई," सिस्टर म्हणत. "म्हणून तर हलकं हाय."

जयराजच्या जिवावर स्टेशन सेमीफायनलला आलं. सेमीफायनलमध्ये उंच बॉलसाठी तो उडाला आणि समोरच्या गोलकीपरचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो पडला. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. पण कुणी पाणी मारायच्या आत तो उठला, डोकं झटकलं आणि खेळत राहिला. स्टेशन जिंकलं. मिरजेत फटाके उडाले, म्हणजे स्टेशन चौकात उडाले. बाकीच्या मिरजेला वाटलं कुणाची वरात आहे.

त्या संध्याकाळी पोरं एकेक करून शर्ट द्यायला आली. जयराजही आला. शर्ट दिला, नारायणरावांनी दिलेलं भडंग मूठभर तोंडात टाकलं, गेला. सिस्टरनी शर्ट बादलीत भिजत घातले. थोड्या वेळानं दार परत वाजलं. जयराज होता.

"सिस्टर, शर्ट द्यायचा राहिला."

त्याचे दोन्ही हात रिकामे होते. सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. गंमत करतोय असं आधी वाटलं. चेहरा गमतीचा नव्हता.

"तुजा शर्ट बादलीत हाय रं," त्या हळू म्हणाल्या. "मगाशी दिलास की."

त्यानं बादलीकडं बघितलं. डाळिंबी पाण्यात नऊचा आकडा तरंगत होता. तो हसला, मग हसायचा थांबला.

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "फायनलला पुण्यास्नं माणूस येणाराय. कंपनीच्या टीमचा. मला बघाय येणाराय. नोकरी देत्यात ते."

"सकाळी दवाखान्यात जायचं. डोक्याचा स्कॅन करून घ्यायचा. माझ्या नावानं अंकिताला भेट. मग बघू कुणाला सांगायचं आनि न्हाई ते."

"जातो."

"आईची आन?"

"आईची आन. पर तुमी बी सांगू नका."

"न्हाई सांगत."

दोन दिवसांनी सरावाला सिस्टरनी त्याला गाठलं. तो म्हणाला, स्कॅन झाला, काही नाही. रिपोर्ट कुठाय? घरी. सिस्टरनी पुढं विचारलं नाही. ज्या बाईनं उभं आयुष्य कागद बघितल्याशिवाय रुग्णाला गोळी दिली नाही, तिनं पुढं विचारलं नाही. स्टेशन फायनलला पोचलं होतं. सिस्टरांच्या केसांत एकही पांढरा नव्हता तेव्हा एकदा पोचलं होतं, त्यानंतर आत्ताच. त्यांना जयराजचं बोलणं खरं वाटलं, कारण ते खरं असायला हवं होतं.

फायनल सांगलीच्या गावभागाशी होती, मिरजेच्या मैदानावर. आदल्या संध्याकाळी दोन्ही संघांच्या लोकांची बैठक झाली. तिथून कोंडीबा तणतणत मैदानावर आला.

"म्हणं यादीत जो नंबर, तोच पाठीवर पाहिजे. जरा इकडं तिकडं झालं तर खेळू द्यायचं न्हाई. आता काय आधार कार्ड बी बघणार काय गा?"

नियमाला कारण होतं. गेल्या वर्षी एका संघानं बाहेरगावचा खेळाडू दुसऱ्याच्या नावावर खेळवला होता आणि भांडण चौकीपर्यंत गेलं होतं. सिस्टरनी ऐकलं, मान हलवली. त्यांचं लक्ष पलीकडे होतं. जयराज दगडावर बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधली. सोडली. परत बांधली. मग बुटाकडं असा बघत बसला, जणू तो कुणा दुसऱ्याच्या पायात आहे. मावळतीचं ऊन डोळ्यांवर आलं तसा त्यानं चेहरा झाकून घेतला.

घरी येऊन सिस्टरनी अंकिताला फोन लावला. ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली, आता स्कॅनच्या विभागात होती.

"जयराज? नाही हो सिस्टर. असं कुणी आलंच नाही."

सिस्टर तशाच चपला घालून परत मैदानावर गेल्या. पोरं पांगत होती. जयराज सायकलवर टांग टाकत होता. त्यांनी हँडल धरलं.

"आईची आन घेतलीवतीस."

त्यानं घंटीवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"परत एक टोला बसला तर काय हुतं, ठाऊक हाय का तुला?"

"कायबी हुत न्हाई. किती जनांस्नी लागतं." त्यानं हँडल सोडवायचा प्रयत्न केला. "एक मॅच सिस्टर. एकच. मग म्हैनाभर झोपतो. तुमी सांगशीला तितकं झोपतो." मग त्यानं त्यांच्याकडं सरळ बघितलं. "आनि तुमास्नी नको हाय व्हय कप?"

सिस्टरांचा हात हँडलवरून सुटला.

रात्रभर त्यांना झोप आली नाही. कॅज्युअल्टीत चालत, बोलत आलेली माणसं त्यांनी पाहिली होती. चहा मागणारी, मला सोडा म्हणणारी. त्यातली बहुतेक बरी होऊन गेली. बहुतेक. बरं न झालेल्यांचे चेहरे त्यांना अजून आठवत होते आणि बऱ्या झालेल्यांपैकी एकाचाही आठवत नव्हता. हीच तर त्या नोकरीची गोम होती. जयराजला काही होणार नाही, याचीच शक्यता जास्त होती. हे त्या स्वतःला सांगत राहिल्या आणि ते खरंही होतं.

शंभूराजला सांगता आलं असतं. तो कॅप्टन होता, सरळ पोरगा होता, बसस्टँडजवळ गॅरेज चालवायचा. पण शंभूराजला सांगितलं की तो कमिटीला विचारणार, कमिटी चहाच्या गाड्यावर विचारविनिमय करणार, आणि सामना सुरू व्हायच्या आत पुण्याच्या माणसाच्या कानावर जाणार की या पोराच्या डोक्याला मार आहे. मग त्याला यंदाही कुणी घेणार नाही आणि पुढंही. शिवाय त्या 'नाही सांगत' म्हणाल्या होत्या. आणि एवढं करून शंभूराज त्याला खेळवणारच नाही, याची तरी काय खात्री? फायनल होती.

सकाळी त्यांनी पलंगावर घोंगडी पसरली, इस्त्री लावली. एक नंबरपासून सुरुवात केली. बाह्या, कॉलर, पाठ. आठ झाले. नऊ पसरला. पाठ वर केली. इस्त्रीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि लाल दिवा विझेपर्यंत थांबल्या. मग इस्त्री बरोबर आकड्यावर ठेवली आणि दाबून धरली.

"काहीतरी जळतंय," नारायणराव बाहेरून म्हणाले.

"व्हय."

ते दारात आले. शर्टाचं कापड विरघळून इस्त्रीला चिकटलं होतं. सिस्टरनी इस्त्री उचलली तशी तार निघाली. नऊच्या जागी इस्त्रीच्या आकाराचं भोक, कडा काळ्या, कडक.

"कितीचा?"

"नऊचा."

नारायणरावांनी शर्टाकडं बघितलं, मग बायकोच्या हाताकडं. हात थरथरत नव्हता. मग ते आत गेले आणि त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या.

"दहाचा करायचाय ना अजून?" परत येऊन ते म्हणाले. "आधी इस्त्री घासून देतो. नाहीतर डाग पडेल."

घरच्या इस्त्रीला त्यांनी हात लावला तो तेव्हा पहिल्यांदा.

मैदानाभोवती दोर बांधला होता आणि दोराला माणसं टेकली होती. सांगलीची पोरं ताशा घेऊन आली होती. पुण्याचा माणूस पांढरी टोपी घालून पंचांच्या टेबलाशेजारी खुर्चीवर बसला होता. त्याला कुणीतरी शहाळं दिलं होतं. सिस्टर लिंबाखाली बसल्या, चादरीची गाठ सोडली. शंभूराज नंबर पुकारू लागला. शर्ट, दोन बोटं. शर्ट, दोन बोटं.

"नऊ."

जयराज पुढं आला. सिस्टरनी घडी त्याच्या हातात दिली. दंडावर बोटं मारली नाहीत.

त्यानं शर्ट झटकला आणि भोकातून पलीकडचं मैदान दिसलं.

"ह्ये काय?" शंभूराज म्हणाला.

"इस्त्रीनं जळला," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या हातनं चुकलं."

देवीच्या मूर्तीनं शिंकावं तसं झालं होतं. मग सगळे एकदम बोलू लागले. एका राखीव पोरानं चादरीतला आपला चौदा नंबर उचलून जयराजच्या अंगावर टाकला. शंभूराज दोघांना घेऊन पंचांकडे पळाला. पंच म्हातारे, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी यादीवर बोट ठेवलं. यादीत नऊ, पाठीवर नऊ. गावभागचे लोक टेबलाभोवती जमले होतेच. शंभूराजनं हात जोडले. पंचांनी मान हलवली. पांढऱ्या टोपीचा माणूस शहाळं पीत बघत होता.

"पट्टी चिकटवू या, सर! मागं नऊ लिवतो की!" स्टेशनचं एक पोरगं म्हणालं.

"भोकावर लिहिणार का?" पंच म्हणाले.

दोराजवळची माणसं आत वाकू लागली.

"काय झालं रं?"

"म्हातारीनं नऊ नंबर जाळला!"

"आरं तिच्या! घरात दुसरं काय न्हवतं व्हय जाळाय?"

"गावभागानं सुपारी दिली आसंल!"

"सिस्टर, नंबर जाळलासा, आता आमास्नी बी जाळा!"

कोंडीबा फक्कीचं घमेलं घेऊन उभा होता. तो सिस्टरांच्या बाजूनं भांडायला पुढं झाला आणि अर्ध्यात थांबला. ज्या बाईनं घातलेली शिवण त्याच्या शर्टावर शोधून सापडत नव्हती, त्या बाईनं शर्ट जाळला होता. त्याला ते मनात बसवता येत नव्हतं.

जयराज परत आला. जळका शर्ट अजून त्याच्या हातात होता. त्यानं तो उजेडाकडं धरला. इस्त्री घसरली असती तर डाग ओढलेला असता. हा ठसा स्वच्छ होता, टोक वर, बरोबर आकड्याच्या मधोमध. तो शर्टाकडं बघत राहिला आणि मग सिस्टरांकडं. त्यांनी नजर खाली घेतली नाही. त्याचे ओठ हलले, पण बोलला असता तर कारणही बोलावं लागलं असतं, आणि पांढरी टोपी हाकेच्या अंतरावर होती. त्यानं शर्ट त्यांच्या पायाशी फेकला, दोराखालून वाकून बाहेर पडला आणि सायकल काढून निघून गेला. सामना बघायलासुद्धा थांबला नाही.

स्टेशन एका गोलनं हरलं. दुसऱ्या हाफात त्यांना कॉर्नरवर कॉर्नर मिळाले. प्रत्येक बॉल जयराजच्या डोक्याच्या उंचीवर आला आणि रिकाम्या जागेतून निघून गेला. सिस्टरनी प्रत्येक कॉर्नर बघितला. त्यातला एकही चुकवला नाही. पुण्याचा माणूस मध्यंतरालाच उठून गेला होता.

त्या संध्याकाळी शर्ट द्यायला कुणी आलं नाही. सिस्टरनी बादली भरून ठेवली होती. नारायणरावांनी जेवायच्या आधी ती ओतून टाकली.

आठवड्यानं शंभूराज आला. खुर्चीच्या कडेवर बसला.

"सिस्टर, कमिटीचं म्हणणं पडलं, तुमचं आता वय झालं. तरास नको. शर्ट लाँड्रीला द्यायचं ठरलंय."

"बरं."

"तसं मनात कायबी आणू नका."

"न्हाई आणत. कॉलरला साबण जास्त लावू देऊ नगंस. रंग उतरतो."

तो जिना उतरून गेल्यावर त्यांनी चादर घडी करून कपाटात ठेवली. जयराजला दोनदा निरोप पाठवला, स्कॅन करून घे म्हणून. उत्तर आलं नाही. कोंडीबाकडून कळलं की पोरगं रागानं गावाकडं जाऊन बसलंय. फुटबॉलचं नाव काढलं की अंगावर येतं, दिवसभर घरात झोपून असतं. सिस्टरनी ते दोनदा विचारून घेतलं.

"झोपून? नुस्ता झोपून?"

"व्हय की. बॉल बघितला तरी फेकून देतंय म्हणं."

"किती दिवस झालं?"

"म्हैना हुत आला."

"झोपू दे," सिस्टर म्हणाल्या. कोंडीबाला त्या एवढ्या निवांत का झाल्या, ते समजलं नाही.

पुढच्या मोसमात बातमी आली. जयराज सांगलीला गेला. गावभागाकडून खेळणार.

सिस्टरनी मैदान सोडलं नाही. लिंबाखाली मात्र त्या बसत नसत. पलीकडं, कॉर्नरच्या झेंड्याजवळ, जिथं सावली नसते तिथं बसत. कुणी जाता जाता विचारी, "काय सिस्टर, आज काय जाळलं?" त्या म्हणत, "भाजी." लिंबाखाली आता प्लॅस्टिकच्या पिशवीत शर्ट येत. पोरं आपापला नंबर शोधून घेत, कधी एकाचा दुसऱ्याच्या हातात जाई, हसत बदलून घेत. सिस्टरांची दोन बोटं मांडीवर आपोआप हलत.

नवी गोष्ट एकच झाली. नारायणराव मैदानावर येऊ लागले. घडीचं स्टूल आणि पेपर घेऊन. पेपर वाचत, मधूनच विचारत, "आपले कुठले?"

"डाळिंबी."

"ते ठाऊक आहे. आपले कुठल्या बाजूला मारतात?"

"हाफ टाइमनंतर बदलत्यात."

"का?"

"तुमी पेपर वाचा."

गावभाग स्टेशनशी खेळायला मिरजेला आलं तेव्हा मैदान भरलं होतं. जयराज निळ्या शर्टात उतरला आणि दोरावरून शिव्यांचा पाऊस पडला. स्टेशनची पोरं त्या दिवशी जीव काढून खेळली. सिस्टरांचा आवाज मैदानाच्या पार पलीकडे जात होता. "आरं शंभू, मागं बघ! मागं! डोळं घरी ठेवलंस काय रं?" पण त्यांची नजर बॉल सोडून एकाच माणसाकडं जात होती, आणि हे नारायणरावांनाही पेपराच्या वरून दिसत होतं.

शेवटी शेवटी गावभागाला कॉर्नर मिळाला. सिस्टर बसल्या होत्या त्याच झेंड्याजवळ. बॉल त्यांच्यासमोरून उडाला. जयराज उडाला, शंभूराज उडाला, गोलकीपर निम्म्यात येऊन थबकला. डोक्यावर बॉल आपटल्याचा तो आवाज सिस्टरनी नेमका ओळखला. बॉल जाळ्यात होता आणि जयराज जमिनीवर.

सगळं मैदान गप्प झालं, ताशेवाली सांगलीची पोरं सोडून. सिस्टर केव्हाच उठल्या होत्या. चप्पल एकच पायात होती. एक पाय फक्कीच्या रेषेच्या आत पडला होता.

जयराज गुडघ्यावर आला. उभा राहिला. मातीनं भरलेलं कपाळ हातानं पुसलं. आजूबाजूला बघितलं, मग सरळ, कुठं जायचं ते नीट माहीत असल्यासारखा, मध्यरेषेकडं पळत गेला. जाता जाता सुटलेली नाडी एका झटक्यात बांधली. एकदाच.

"बरा झालाय," सिस्टर म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"कोण?" नारायणरावांनी विचारलं. "गोल त्यांनी मारला ना?"

"व्हय. त्यांनीच मारला."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. नारायणरावांनी पेपरची घडी घालून खिशात ठेवली आणि राहिलेला सामना बघितला. स्टेशन हरलं.

माणसं निघू लागली. निळी पोरं कॉर्नरवरूनच बाहेर पडत होती. जयराज सगळ्यांत मागं होता. सिस्टरांजवळ येताना त्याची चाल मंदावली. त्यानं आधी नारायणरावांकडं बघितलं, मग चपलेकडं, मग दुसरीकडंच कुठंतरी.

"इस्त्री बदलली का वं, सिस्टर?"

"न्हाई. तीच हाय."

त्यानं बुटाच्या टोकानं माती उकरली.

"पुण्याचा माणूस परत येणाराय. पुढच्या म्हैन्यात."

"नीट खेळ. आनि डोसकं संभाळ."

तो गेला. फक्कीचं घमेलं घेऊन कोंडीबा मागं उभा होता, कधीपासून ते सिस्टरांना कळलं नाही.

"कसली इस्त्री?" कोंडीबानं विचारलं.

"कायतरी. त्येच्या घरची."

कोंडीबा जाणाऱ्या निळ्या पाठीकडं बघत राहिला. मग सिस्टरांकडं. त्याचा निखळलेला खांदा थंडीत अजून दुखायचा. तो त्यानं दाबला. मग घमेलं खाली ठेवलं, लिंबाखाली गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक ओला शर्ट घेऊन परत आला.

"गोलकीपरचा हाय. बाही उसवलीय बघा. लाँड्रीवाला काय शिवतोय."

सिस्टरनी बाहीकडं बघितलं. वीतभर उसवली होती. त्यांनी शर्ट घेतला, उलटा केला, शिवण चिमटीत धरून बघितली आणि मांडीवर ठेवला.

"शर्टाचं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आधी त्या गोलकीपरला हिकडं बोलाव. उंच बॉलला निम्म्यात येऊन उभा ऱ्हायचं, ह्ये त्याला शिकवलं कुणी?"